बायपासनंतर दूध सोसेना झालं तर

वजन कमी करण्यासाठी केलेल्या पोटाच्या बायपास ऑपरेशनला बारा दिवस झाले होते. सकाळी साडेसातला मोजून शंभर मिली दूध घेतलं, डाएट-चार्टवर लिहिलं होतं तसंच. आठ वाजता पोटात गुडगुड सुरू झाली, इतक्या मोठ्यानं की शेजारी पेपर वाचत बसलेल्या बायकोनं मान वर करून पाहिलं. सव्वाआठला कळ आली आणि पुढचा अर्धा तास मी बाथरूममध्ये होतो. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी दूध चुकवलं, तर पोट गप्प.

आता हे कुणाला सांगायचं म्हणजे पंचाईत. मी कोल्हापूरचा. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर समोर म्हैस पिळून दिलेलं फेसाळ दूध उभ्या उभ्या पिण्यात पोरपण गेलेलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तालमीत जोर मारून शेर शेर दूध पिणारा गडी तू, तुला दूध बाधतंय व्हय? आपल्या घराण्यात कुणाला दूध बाधलं न्हाई. डॉक्टरनं काहीतरी उलटसुलट शिवलं असणार."

शिवलं बरोबरच होतं. पोटाचं बायपास किंवा स्लीव्ह (जठर कापून लहान करायचं ऑपरेशन) झालेल्यांपैकी बऱ्याच जणांना कधी ना कधी हा अनुभव येतो आणि डिस्चार्ज घेताना त्याबद्दल कुणी बोललेलं नसतं. माझ्या चार्टवर दिवसातून चार वेळा दूध होतं. दूध सोसतं का, हा प्रश्न एकदाही विचारला गेला नव्हता. मी डॉक्टर नाही, साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात नोकरी करतो. पण गेल्या सव्वा वर्षात डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ बाईंना विचारून विचारून, वहीत नोंदी ठेवून जे शिकलो ते क्रमानं सांगतो. तुमच्या डॉक्टरांचा सल्ला वेगळा असेल तर तोच पाळा.

आधी पोटात काय बदललं ते

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते, १०० मिलीला साधारण पाच ग्रॅम. ती आतड्यातून थेट रक्तात जात नाही. लहान आतड्याच्या अस्तरावर लॅक्टेज नावाचं एन्झाइम असतं, ते लॅक्टोजचे दोन तुकडे करतं, ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज, आणि मग ते शोषले जातात. जे तुटत नाही ते पुढं मोठ्या आतड्यात जातं. तिथले जिवाणू ते आंबवतात, गॅस होतो, आणि न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते. गुडगुड, फुगारा, कळ आणि पातळ संडास, हा सगळा त्याचा परिणाम.

आमच्या कारखान्याच्या भाषेत सांगतो. हंगामात उसाचे ट्रॅक्टर आधी यार्डात रांगेत उभे राहतात आणि नंबर लागेल तसे गव्हाणीवर, म्हणजे ऊस गाळपाला टाकतात तिथं, जातात. जठर म्हणजे ते यार्ड. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढतात, म्हणजे यार्ड लहान होतं आणि रांग न लागता ट्रॅक्टर भराभर गव्हाणीवर येतात. लॅक्टेज तेवढंच असतं, पण समोर एकदम आलेलं दूध त्याला आवरत नाही. बायपासमध्ये यार्ड तर जेमतेम ३० मिलीचं उरतं, शिवाय लहान आतड्याचा सुरुवातीचा पट्टा अन्नाच्या वाटेतून बाजूला काढलेला असतो. लॅक्टेज सर्वांत जास्त असतं ते लहान आतड्याच्या मधल्या भागात, जेजुनममध्ये, आणि त्याचाच वरचा तुकडा या बाजूला काढलेल्या पट्ट्यात जातो. म्हणजे ट्रॅक्टर एकदम आले आणि पहिली मिलही बंद. मिनी बायपास या बायपासच्याच एका प्रकारात हा बाजूला काढलेला पट्टा बहुधा आणखी लांब असतो.

दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश मोठ्या माणसांत लॅक्टेज लहानपणाइतकं उरतच नाही. ते हळूहळू कमी होतं, आणि हे आनुवंशिक आहे. जठर धडधाकट असताना दूध सावकाश खाली उतरतं, त्यामुळे थोडक्या लॅक्टेजवरही भागतं. ऑपरेशननंतर ही कमतरता उघडी पडते. मी आईला खोदून खोदून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तुझे आजोबा दूध प्यायचे न्हाईत. ताक मात्र तांब्याभर." म्हणजे आमच्या घराण्यात कुणाला दूध बाधलं नाही, या दाव्यात तेवढी फट होती.

दुधाची ॲलर्जी हा वेगळा प्रकार. अंगावर गांध्या उठणं, ओठ सुजणं, धाप लागणं असं काही झालं तर या लेखातलं काही करून बघू नका, सरळ दवाखाना गाठा.

पहिली पायरी: दोष दुधाचाच आहे का ते बघा

ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत पोट बिघडवणाऱ्या गोष्टी इतक्या असतात की दुधावर खापर फोडणं फार सोपं. घड्याळ आणि वही घ्या.

खाल्ल्यापासून दहा ते तीस मिनिटांत घाम फुटला, छातीत धडधडलं, चक्कर आली, आडवं व्हावंसं वाटलं, तर ते बहुधा डंपिंग. गोड पदार्थ भरकन आतड्यात उतरल्यामुळे ते होतं. तासा-तीन तासांनी हातपाय कापले, घाम आला, भूक भडकली तर उशिराचं डंपिंग, म्हणजे रक्तातली साखर खाली गेली. लॅक्टोजचा त्रास साधारण अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत सुरू होतो आणि पोटापुरताच राहतो. गॅस, फुगारा, कळ, पातळ आणि आंबूस वासाची संडास. साखर घातलेलं दूध प्यायलात तर दोन्ही एकदम होऊ शकतं आणि मग काहीच उमगत नाही. म्हणून तपासायचं असेल तेव्हा दूध बिनसाखरेचं घ्या.

माझ्या वहीतलं एक पान असं आहे:

"मंगळवार. ७.३०: दूध १०० मिली, बिनसाखरेचं, ५ मिनिटांत संपवलं. ८.०५: गुडगुड. ८.१५: कळ, एकदा पातळ. धडधड नाही, घाम नाही. बुधवार. ७.३०: मुगाच्या डाळीचं पाणी १०० मिली. काही नाही. ११.००: शुगर-फ्री चिक्की, अर्धी. १२.३०: फुगारा, गॅस."

बुधवारची नोंद नीट बघा. दूध नव्हतं, तरी पोट फुगलं. शुगर-फ्री मिठाई आणि प्रोटीन बारमध्ये सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉल असतं, ते अगदी लॅक्टोजसारखंच गॅस करतं. डायबेटिसची मेटफॉर्मिन चालू असेल तर तिच्यामुळेही पातळ होतं. नुकताच अँटिबायोटिकचा कोर्स झाला असेल, तर तेही एक कारण. संडास तेलकट, पाण्यावर तरंगणारी असेल तर चरबी पचत नसल्याची शंका घ्यायची. आणि बाजूला काढलेल्या आतड्यात जिवाणू वाढले की लक्षणं हुबेहूब लॅक्टोजसारखी दिसतात. त्याचं औषध वेगळं असतं, ते डॉक्टरच देतील.

आठ-दहा दिवसांच्या नोंदी झाल्या की चित्र बरंचसं स्पष्ट होतं. ही वही घेऊन गेलात की डॉक्टरांचाही वेळ वाचतो. मी नुसतं "पोट बिघडतंय" म्हणून गेलो होतो तेव्हा दोन मिनिटांत बाहेर आलो होतो.

वही ठेवायची नाही, थेट जायचं

संडासवाटे रक्त किंवा डांबरासारखी काळी संडास, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, थांबत नसलेली उलटी, लघवी कमी आणि गडद होणं, यापैकी काही असेल तर दूध आहे की नाही हा विचारच नको. बायपास झालेल्यांना पोटात मुरडून येणारी जोराची कळ, विशेषतः जेवणानंतर परत परत येणारी, हलक्यात घेता येत नाही. आतडं आतल्या आत अडकण्याचा धोका ऑपरेशननंतर महिन्यांनी, वर्षांनीही असतो. उलटी काही दिवस चालली तर बी-१ जीवनसत्त्व झपाट्यानं कमी होतं आणि त्याचा परिणाम मेंदूवर होतो, हे घरच्यांनाही सांगून ठेवा. आणि पोट दुखतंय म्हणून घरातली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊ नका. बायपासच्या जोडावर अल्सर होऊ शकतो.

दुसरी पायरी: दोन आठवडे दूध पूर्ण बंद

पूर्ण म्हणजे पूर्ण. इथंच बहुतेकांची फसगत होते, माझीही झाली. दूध बंद करून चार दिवस झाले तरी फुगारा जाईना. शेवटी बायकोनं स्वयंपाकघरातली पाकिटं एकेक करून उलटी केली. सूपच्या तयार पाकिटात मिल्क सॉलिड्स. मारी बिस्किटात मिल्क सॉलिड्स. आई प्रेमानं देत असलेल्या माल्टच्या पावडरीत स्किम्ड मिल्क पावडर, आणि स्किम्ड मिल्क पावडरीत जवळपास निम्मं वजन लॅक्टोजचंच असतं. पाकिटाच्या मागे मिल्क सॉलिड्स, मिल्क पावडर, व्हे (दूध फाटल्यावर निघणारं पाणी) पावडर, खवा किंवा कंडेन्स्ड मिल्क असं काही दिसलं तर या दोन आठवड्यांपुरतं बाजूला ठेवा. गोळ्यांमध्ये भरण म्हणून लॅक्टोज असतं, पण ते इतकं थोडं की त्यासाठी कुठलंही औषध स्वतःहून बंद करायचं नाही.

चहाचं काय, हा पहिला प्रश्न सगळे विचारतात. पहिले काही आठवडे डॉक्टर चहा-कॉफीला बहुधा मनाईच करतात. परवानगी मिळाल्यावर या दोन आठवड्यांत कोरा घ्या, गवती चहा आणि आलं घालून. मला तो कधीच आवडला नाही, पण दोन आठवडे निभावले.

मात्र दूध बंद करण्याच्या आधी एक काम करायचं: त्यातून मिळणारं प्रोटीन दुसरीकडून येणार याची सोय. रोजचं लक्ष्य साधारण ६० ते ८० ग्रॅम असतं, आणि पातळ आहाराच्या दिवसांत शाकाहारी माणसाचं बरंचसं प्रोटीन दुधा-ताकातूनच येतं. सोय न करता दूध तोडलं तर पोट शांत होईल, पण पुढं केस गळू लागतील आणि जिना चढताना मांड्या थरथरतील. आहारतज्ज्ञ बाईंना फोन करा, दोन आठवड्यांचा बदली चार्ट मागा.

दोन आठवड्यांत लक्षणं गेली, तर दोष बहुधा लॅक्टोजचा. तसूभरही फरक पडला नाही, तर दूध निर्दोष आहे. परत सुरू करा आणि दुसरं कारण शोधायला डॉक्टरांकडे जा. उगाच वर्षानुवर्षं दूध सोडून बसलेले लोक मी पाहिले आहेत.

मोठ्या शहरांत हायड्रोजन श्वासचाचणी होते. उपाशीपोटी लॅक्टोजचं पाणी पाजतात आणि ठरावीक वेळानं फुंकर मारायला लावतात. श्वासातला हायड्रोजन मूळ पातळीपेक्षा २० पीपीएमनं वाढला तर लॅक्टोज पचत नाही असं धरतात. पण त्या पाण्यात २५ किंवा ५० ग्रॅम लॅक्टोज असतं, आणि बायपासवाल्याला तेवढ्यानं डंपिंग होऊ शकतं. शिवाय आतड्यात जिवाणू वाढलेले असले तर निकाल फसवा येतो. म्हणून चाचणीला जाताना ऑपरेशन कोणतं झालंय ते आधी सांगा. माझ्या डॉक्टरांनी वही पाहिली आणि चाचणीची गरज नाही म्हणाले.

तिसरी पायरी: एकेक करून परत आणा

लॅक्टोज सोसण्याचा प्रश्न हो किंवा नाहीचा नसतो, मापाचा असतो. ऑपरेशन न झालेल्या, लॅक्टेज कमी असलेल्या माणसालाही एका वेळी बारा ग्रॅमपर्यंत, म्हणजे कपभर दूध, बहुधा चालून जातं, खासकरून जेवणाबरोबर. आपलं माप त्यापेक्षा लहान असतं. किती लहान, ते ज्याचं त्यानं शोधायचं. एका वेळी एकच पदार्थ, तीन दिवस, वाढवत वाढवत. दोन नवे पदार्थ एकाच आठवड्यात सुरू केले की वही निरुपयोगी होते.

सुरुवात चक्क्यानं करा. दही फडक्यात टांगलं की लॅक्टोजचा मोठा वाटा पाण्याबरोबर निथळून जातो. मी रात्री दही मलमलच्या फडक्यात बांधून सिंकच्या नळाला टांगायचो. सकाळी वाटीभर घट्ट चक्का तयार. त्यात मीठ, भाजलेलं जिरं, किसलेली काकडी. पहिल्या दिवशी दोन चमचे, तिसऱ्या दिवशी पाव वाटी. प्रोटीनही दाटून येतं, त्यामुळे आपल्या इवल्याशा पोटासाठी हा मोलाचा पदार्थ आहे. टांगलेल्या दह्याचं खालचं पाणी मात्र पिऊ नका, पौष्टिक म्हणून कुणी कितीही सांगितलं तरी. बरंचसं लॅक्टोज त्यातच उतरलेलं असतं. आणि चक्का म्हणजे श्रीखंड नव्हे. श्रीखंडात साखर किती घालतात ते आपल्याला माहीत आहे.

मग पनीर. तेही दूध फाडून, पाणी काढूनच होतं. घरचं मऊ पनीर हातानं कुस्करून, २५ ग्रॅमपासून. भरपूर चावा, घाई केली तर ते वर अडकतं आणि ती वेगळीच व्यथा. त्यानंतर साधं दही. लॅक्टोजचा काही भाग विरजण लागतानाच संपतो आणि जिवंत जिवाणू स्वतःचं लॅक्टेज घेऊन आतड्यापर्यंत येतात. ताजं, गोडसर दही त्रास देईल तिथं नीट लागलेलं आंबटसर दही चालतं, असा माझा अनुभव. ताक तर त्यात पाणी घालून केलेलं, त्यामुळे आणखी सौम्य. पण जेवताना ताक पिऊ नका. अन्न आणि पातळ पदार्थ यांत अर्ध्या तासाचं अंतर, हा नियम इथंही लागू.

तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतंच. मऊ भातावर अर्धा चमचा घ्यायला हरकत नाही, चमच्यामागून चमचा मात्र नको.

दूध सर्वांत शेवटी. नाश्त्यानंतर अर्ध्या तासानं ५० मिली, वीस मिनिटांत घोट घोट. पोट रिकामं असताना नाही. तीन दिवस निभावलं तर ७५, मग १००. जिथं गुडगुड सुरू होईल त्याच्या एक पायरी खाली आपलं माप.

या टप्प्यावर नातेवाईकांचे सल्ले येतात, त्यांचा निकाल लावून टाकू. गाईचं घे, म्हशीचं नको: लॅक्टोज दोन्हींत जवळपास सारखंच. शेळीच्या दुधातही फार फरक नाही. ए-टू दूध घे: ए-टू हा प्रोटीनचा प्रकार, त्यानं लॅक्टोज कमी होत नाही. साय काढून घे: सायीत चरबी असते, लॅक्टोज खालच्या दुधात तसंच राहतं. चांगलं उकळ: उकळून लॅक्टोज जात नाही, आटवलं तर उलट दाट होतं, म्हणून बासुंदी, पेढे आणि खवा हे आपले खरे वैरी. धारोष्ण घे, त्यात जिवंतपणा असतो: कच्च्या दुधातून जंतुसंसर्गाचा धोका असतो आणि ऑपरेशननंतरच्या अशक्त दिवसांत तो नकोच. हे शेवटचं लिहिताना मला गंगावेस आठवते, पण लिहायला हवं.

लॅक्टोज-फ्री दूध आणि लॅक्टेजच्या गोळ्या

लॅक्टोज-फ्री दूध आता मोठ्या दुकानांत आणि ऑनलाइन सहज मिळतं. यात लॅक्टेज घालून साखर आधीच तोडलेली असते. प्रोटीन आणि कॅल्शियम साध्या दुधाइतकंच. चव जरा गोड लागते, कारण ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज लॅक्टोजपेक्षा गोड असतात. साखर घातली म्हणून नव्हे. पण लक्षात घ्या, साखर गेलेली नाही, फक्त तुटली आहे. डंपिंगची सवय असलेल्यानं हे दूधही गटागटा प्यायलं तर धडधड होणारच.

लॅक्टेजच्या गोळ्या पहिल्या घासा-घोटाबरोबर घ्यायच्या असतात. दूध पिऊन अर्ध्या तासानं, कळ आल्यावर घेतलेली गोळी वाया. थेंबही मिळतात. ते दुधात घालून दूध २४ तास फ्रिजमध्ये ठेवलं की बरंचसं लॅक्टोज तुटतं. गोळ्या मी लग्नाकार्यापुरत्या खिशात ठेवतो. रोजच्यासाठी चक्का आणि दही पुरतं, आणि स्वस्तही पडतं.

चौथी पायरी: प्रोटीन

प्रोटीन पावडरीनं त्रास होतो अशी तक्रार बऱ्याच जणांची असते. आधी ती कशात घोळता ते बघा. २०० मिली दुधात पावडर घातली तर दहा ग्रॅम लॅक्टोज दुधाचंच झालं. पाण्यात घोळून बघा. तरी त्रास झाला तर डबा फिरवून वाचा. व्हे कॉन्सन्ट्रेटमध्ये लॅक्टोज उरलेलं असतं, स्वस्त पावडरीत जास्त. व्हे आयसोलेटमध्ये ते एक टक्क्याच्या आतबाहेर. आयसोलेट महाग आहे, पण पहिल्या दोन-तीन महिन्यांपुरतं परवडवा. तेही नको असेल तर सोया किंवा वाटाण्याच्या प्रोटीनची पावडर.

घरच्या जेवणातून सांगायचं तर एका अंड्यात सहा ग्रॅम. वीस ग्रॅम सोया चंक्स भिजवून, वाटून आमटीत घातले की दहा ग्रॅमच्या आसपास. मांसाहारी असाल तर उकडलेली मासळी, खिमा. पचायला मासळी सर्वांत सोपी, निदान मला.

बदामाचं आणि नारळाचं दूध दिसायला दूध असतं, पण प्रोटीन नाममात्र. त्या मानानं सोया दूध बरं, बिनसाखरेचं बघून घ्या. नारळाच्या दुधाचा फायदा दुसरीकडे आहे: सोलकढी आणि आमचा पांढरा रस्सा यांत लॅक्टोज नसतं. पहिल्यांदा वाटीच्या तळाशी दोन चमचे पांढरा रस्सा घेतला, तिखट नसलेला, तेव्हा ऑपरेशननंतर प्रथमच जेवल्यासारखं वाटलं. नारळाची आणि काजूची चरबी जड पडते, म्हणून दोनच चमचे.

पाचवी पायरी: कॅल्शियम, आणि इथं गय नाही

दूध कमी झालं की सगळे म्हणतात नाचणी खा, तीळ खा. खा की. पण हिशेब करा. नाचणीत १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम. आपण वाटीभर सत्त्वात घालतो वीस ग्रॅम, म्हणजे सत्तर. तिळात कॅल्शियम भरपूर, पण त्यातलं ऑक्झलेट ते पूर्ण शोषू देत नाही, आणि आपण खाणार चमचाभर. काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी चांगली, पण ती रोज कोण खातंय. ऑपरेशननंतर रोजची गरज १२०० ते १५०० मिलिग्रॅमची. त्यातच बायपासमध्ये कॅल्शियम सर्वांत चांगलं जिथं शोषलं जातं तो ड्युओडिनम, म्हणजे लहान आतड्याचा सुरुवातीचा भागच वाटेतून बाजूला काढलेला असतो. तेव्हा गोळ्यांना पर्याय नाही.

गोळी कॅल्शियम सायट्रेटची मागा. कार्बोनेटला विरघळायला पोटातलं आम्ल लागतं, ते आता कमी झालेलं असतं. केमिस्ट बहुतेक वेळा कार्बोनेट हातात ठेवतो, म्हणून स्ट्रिप वाचून घ्या. एका वेळी ५०० ते ६०० मिलिग्रॅमच्या वर शोषलं जात नाही, म्हणून दोन-तीन भागांत. लोहाची गोळी आणि कॅल्शियम यांत किमान दोन तासांचं अंतर. दोघं एकत्र गेले तर कॅल्शियम लोहाची वाट अडवतं. माझं वेळापत्रक सकाळी नऊ, दुपारी चार आणि रात्री नऊ कॅल्शियम, दुपारी एकला लोह. मोबाइलमध्ये गजर लावला आहे. ऑफिसात चारचा गजर वाजला की शेजारच्या टेबलावरचे पाटील म्हणतात, "झाली का हाडांची वेळ?"

डी जीवनसत्त्व आणि बी-१२ हे दूध सोसो न सोसो, घ्यावंच लागतं. मात्रा रक्त तपासून डॉक्टर ठरवतात. पहिल्या वर्षी तपासण्या तीन, सहा आणि बारा महिन्यांनी करायला सांगतात, पुढं दर वर्षी. दूध कमी केलंय हे त्या वेळी आवर्जून सांगा, म्हणजे पॅराथायरॉइड हार्मोनही बघतील. हाडांतून कॅल्शियम उपसलं जातंय का हे त्यावरून कळतं; रक्तातलं कॅल्शियम मात्र बराच काळ ठीकच दिसत राहतं.

सणवार आणि आग्रह

देवळातलं पळीभर पंचामृत, चमचाभर खीर, यानं काही होत नाही. खुशाल घ्या. पंचाईत होते ती कोजागिरीला. आटवलेलं दूध, साखर, आणि रात्री दहाला रिकाम्या पोटी. मी गच्चीवर जातो, हातात कप धरतो, दोन घोट घेतो आणि गप्पा मारत उभा राहतो. भरलेला कप हातात असला की कुणी दुसरा आणून देत नाही. लग्नात "एवढी बासुंदी तरी घ्या" म्हणणाऱ्यांना लॅक्टेज समजावत बसू नका. "पथ्य आहे" एवढं पुरतं. पथ्य या शब्दाला आपल्याकडे अजून मान आहे.

उपवासाच्या दिवशी दूध-केळं हा सोपा मार्ग बंद होतो. राजगिऱ्याची मऊ लापशी पाण्यात शिजवून, वर दोन चमचे दही, असं मी करतो. निर्जळी उपवास ऑपरेशननंतर करूच नका, अंगातलं पाणी फार पटकन कमी होतं.

दर तीन-चार महिन्यांनी माप परत तपासा

आतडं हळूहळू जुळवून घेतं. उरलेल्या भागाचं अस्तर वाढतं, आणि थोडं थोडं लॅक्टोज नियमित मिळालं की मोठ्या आतड्यातले जिवाणूही सरावतात. काहींचं माप वाढतं, काहींचं तिथंच राहतं. तिसऱ्या महिन्यात माझी धाव ५० मिलीपर्यंत होती, सातव्यात ७५. गेल्या महिन्यात परत बघितलं. वहीत असं लिहिलंय:

"रविवार. ९.००: एक अंडं, अर्धी भाकरी. ९.३५: दूध १०० मिली, २० मिनिटांत. ११.३०: काही नाही. सोमवार: १०० मिली, तसंच, काही नाही. मंगळवार: १०० मिली, काही नाही. बुधवार: १२५ मिली. १०.४०: गुडगुड, दोनदा गॅस. माप १००."

शंभर मिलीत चहाचे दोन छोटे कप होतात, दुधाचे. कोरा चहा बंद केला आहे.